पहिला पावसाळा आणि सूतकृमी: नव्या बकरीवाल्यांसाठी

पोळा जवळ आला की मला फोन यायला लागतात. बोलणं थोड्याफार फरकानं तेच. "भाऊ, उन्हाळ्यात सहा बकऱ्या घेतल्या. आखाडीपर्यंत मस्त होत्या. आता पिल्लं हगून हगून मरून राह्यली. जंताचं औषध तर पाजलं होतं ना!"

मी डॉक्टर नाही. वर्धा जिल्ह्यात आर्वीकडे बारा वर्षांपासून बकऱ्या आणि दोन म्हशी पाळतो. खाली लिहिलंय त्यातलं निम्मं जनावरं गमावून शिकलो आणि निम्मं पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या मागे लागून. नव्यानं सुरू करणाऱ्यानं निदान माझ्या चुका पुन्हा करू नयेत, एवढ्यासाठी हे.

आधी नावाचा घोळ

'सूतकृमी' म्हटलं की आपल्याकडे तीन माणसं तीन गोष्टी समजतात. वरूड-मोर्शीकडच्या संत्रावाल्याला झाडाच्या मुळाला लागणारे सूत्रकृमी आठवतात, ते सोडून द्या. शाळेत जाणाऱ्या पोराच्या आईला रात्री पोराचं ढुंगण खाजवायला लावणारे पांढरे बारीक जंत आठवतात. ढोरांचा डॉक्टर म्हणतो तो तिसराच: स्ट्राँगिलॉइडिस. हा जंत केसासारखा बारीक आणि जेमतेम अर्धा सेंटिमीटर, म्हणून शेणात किंवा लेंडीत तो दिसत नाही. लेंडीवर तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसले की नवा माणूस घाबरतो. ते पट्टकृमीचे तुकडे असतात आणि त्यांनी बकरी सहसा मरत नाही. मारणारे जंत नजरेला पडत नाहीत.

बकरी, मेंढी आणि वासरांच्या लहान आतड्यात राहणारी जात स्ट्राँगिलॉइडिस पॅपिलोसस. माणसात आणि कुत्र्यात सापडणारी स्ट्राँगिलॉइडिस स्टर्कोरॅलिस. घोड्याची आणि डुकराची आणखी वेगळी. या जंताच्या दोन खोडी कायम लक्षात ठेवा. पहिली, त्याची पिल्लं जनावराच्या कातडीतून आत शिरतात, तोंडातूनच जावं लागतं असं नाही. दुसरी, आईच्या अंगात दडून राहिलेली पिल्लं विल्यानंतर दुधात उतरतात. म्हणून गवताला तोंडही न लावलेलं, दहा-पंधरा दिवसांचं करडू पातळ हगू शकतं. आपण म्हणतो "दूध बाधलं", आणि एका अर्थानं ते खरंही असतं.

तिसरीही एक खोड आहे, आणि ती मला सगळ्यात वाईट वाटते. ओलं आणि उबदार शेण मिळालं तर हा जंत जनावरात न जाता बाहेरच्या बाहेर एक पिढी वाढवतो. मातीत त्याचे नर-मादी तयार होतात आणि त्यांची पिल्लं पुन्हा जनावर शोधतात. गरम-दमट हवेत एक-दोन दिवसांत ही पिल्लं कातडीत शिरायला तयार होतात. म्हणजे तुमचा कोठाच त्यांचा पाळणाघर होतो.

पहिलं काम: कोठ्यातली ओल शोधा

औषधाच्या बाटलीआधी हे, कारण औषध पोटातल्या जंताला मारतं, जमिनीतल्या नाही.

या जंताच्या पिल्लावर संरक्षक खोळ नसते, त्यामुळे कोरडं पडलं की ते मरतं. मे महिन्यातलं आपलं पंचेचाळीस अंशांचं ऊन उघड्या अंगणात त्याला टिकू देत नाही. मग जुलैत ते येतं कुठून? थोडं बकरीच्या अंगातून. बाकीचं उन्हाळाभर ओल्या राहिलेल्या त्या चार जागांतून, ज्यांच्याकडे आपलं लक्षच जात नाही. पाण्याच्या टाक्याखाली, गव्हाणीच्या मागच्या भिंतीला, मूत जिथे साचतं त्या खड्ड्यात आणि पिल्लं बांधतो त्या कोपऱ्यात. दुपारी दोन वाजता कोठ्यात अनवाणी पाय ठेवून फिरून बघा (एकदाच, आणि लगेच पाय धुवा). जिथे तळव्याला गार लागेल, तिथे खूण करा.

मग त्या जागा कोरड्या करायच्या. काळ्या मातीची जमीन असेल तर नुसतं झाडून काही होत नाही. काळी माती पाणी धरून ठेवते. वर मुरूम टाका, ठोका, बाहेरच्या बाजूला उतार द्या. मूत वाहून जायला नाली काढा. पाण्याचं टाकं कोठ्याबाहेर घ्या. पिल्लं बसतात तिथे आठवड्यातून एकदा चुना भुरभुरवा, पण तो विरलेला असावा. कळीच्या चुन्यानं पिल्लांचे पाय भाजतात.

बकऱ्यांसाठी सगळ्यात चांगला उपाय म्हणजे माचाण. जमिनीपासून दोन-तीन फूट उंच, पट्ट्यांमध्ये लेंडी खाली पडेल एवढी फट आणि पिल्लाचा पाय अडकणार नाही एवढीच. गडचिरोली-गोंदियाकडे बांबू हाताशी आहे, तिकडे हे स्वस्तात होतं. आमच्याकडे मी जुन्या सागाच्या फळ्या वापरल्या. माचाण केल्यावर पुढच्या पावसाळ्यात पिल्लांची हगवण इतकी कमी झाली की मला आधीच्या वर्षांत औषधावर घातलेल्या पैशांची लाज वाटली.

आरा मशीनवरचा लाकडाचा भुसा फुकट मिळतो म्हणून वासरांखाली जाड गादी करू नका. जपानमध्ये अशा भुशाच्या ओल्या गादीवर पाळलेली वासरं, आदल्या दिवशीपर्यंत ठणठणीत दिसणारी, अचानक मेली. शोध घेतल्यावर कारण निघालं हेच: आतड्यात या जंताची प्रचंड गर्दी. भुसा वापरायचाच तर पातळ थर द्या आणि ओला झाला की त्याच दिवशी काढा.

काढलेलं शेण-लेंडी उकंड्यावर नुसतं फेकू नका, ढीग रचा. ढीग आतून तापतो आणि त्या उष्णतेत अंडी-पिल्लं मरतात, पण बाहेरचा थर गारच राहतो. पंधरा-वीस दिवसांनी फावड्यानं बाहेरचं आत करा. उकंडा कोठ्याच्या चढाला नसावा; पावसाचं पाणी तिथून पुन्हा कोठ्यात येतं. हे सांगायची गरज नाही असं मला वाटायचं. गावात फिरून बघा, किती उकंडे चढाला आहेत.

दुसरं: जनावराकडे रोज दोन मिनिटं बघा

पिल्लात सूतकृमी वाढले की शेपटीखालचे केस चिकट होतात, करडू पाठ कमानीसारखी करून उभं राहतं, दूध पितं पण अंग धरत नाही. पाय-पोटाला बारीक पुरळ किंवा खाज, कधी थोडा खोकला. कातडीतून शिरलेली पिल्लं रक्तातून फुप्फुसात जातात, खोकल्यासोबत घशात येतात आणि गिळली जाऊन आतड्यात पोचतात. म्हणून हगवण आणि खोकला एकत्र दिसला की माझा पहिला संशय जंतावर जातो. पण खात्री डोळ्यांनी होत नाही. करडाला हगवण कॉक्सिडियानंही (आतड्यातला सूक्ष्म परजीवी, जंत नव्हे) लागते, आणि तिथे जंताचं औषध काहीच कामाचं नाही.

मोठ्या बकरीचा खरा वैरी दुसरा आहे: हिमॉन्कस. हा चौथ्या पोटात बसून रक्त पितो. पावसाळ्यात बकरी पातळ हगत नाही, खाते-पिते, आणि एक दिवस जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागते. ती दिसली म्हणजे रक्त फार कमी झालंय. तिथवर जाऊ द्यायचं नसेल तर दर पंधरा दिवसांनी खालची पापणी ओढून आतला रंग बघा. लालबुंद किंवा लालसर गुलाबी असेल तर ठीक, गुलाबी असेल तर लक्ष ठेवा, फिकट किंवा पांढरट असेल तर आजच दवाखाना. यासाठी दक्षिण आफ्रिकेत फामाचा नावाचा पाच रंगांचा तक्ता बनवला गेला. डॉक्टरांकडे असेल तर एकदा त्याच्याशी नजर जुळवून घ्या. पण पापणी फक्त रक्त पिणाऱ्या जंताबद्दल बोलते, सूतकृमीबद्दल नाही. त्यामुळे "पापणी लाल आहे" म्हणून हगणाऱ्या पिल्लाकडे दुर्लक्ष करू नका.

भंडारा-गोंदियाकडे मामा (जुन्या मालगुजारी) तलावांच्या काठी चरणाऱ्या जनावरांना जबड्याखालची सूज यकृतातल्या पर्णकृमीनंही येते. त्याचं औषध वेगळं. गावठाणातल्या कोठ्याचा सल्ला तलावकाठच्या कळपाला लावू नका.

म्हैस असेल तर रेडकाचं वेगळं लक्षात ठेवा. त्याला आईच्या दुधातून मोठे गोल जंत येतात, वीतभर लांबीचे. मातकट, घाण वासाची हगवण लागते, पोट सुटतं आणि तोंडाला आंबूस वास येतो. रेडकाला वयाच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांना विचारून पहिला डोस द्यायचाच, तपासणीची वाट बघायची नाही. नागपुरी म्हैस काय नि पूर्णाथडी काय, या हगवणीत गेलेली रेडकं मी पुष्कळ पाहिली. लोक म्हणतात "नजर लागली".

तिसरं: लेंडी तपासून घ्या

हे नवे लोक करत नाहीत आणि जुनेही नाहीत. पिल्लाची ताजी लेंडी हवी, जमिनीवर पडून तासभर झालेली नको. सूतकृमीची अंडी बाहेर पडतात तेव्हा आत पिल्लू जवळपास तयार असतं. काही तासांत ते फुटून निघतं आणि तपासणारा अंडी शोधत बसतो. प्लॅस्टिकची पिशवी हातात उलटी घाला, दहा-बारा लेंड्या घ्या, पिशवी सुलटी करून हवा काढून गाठ मारा. वर जनावराचं वय आणि तारीख लिहा. सावलीत, शक्यतो थंड, त्याच दिवशी पोचवा. मोटारसायकलच्या डिकीत उन्हात दोन तास ठेवलेला नमुना नेणं म्हणजे पेट्रोल वाया घालवणं.

कुठे? गावाजवळचा पशुवैद्यकीय दवाखाना, नाहीतर जिल्ह्याचं चिकित्सालय. नागपूरजवळ असाल तर तिथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय. दवाखाना लांब असेल आणि जनावर उठत नसेल तर १९६२ वर फोन लावून फिरतं पथक मागवता येतं.

चौथं: आधी वजन, मग औषध

माझी सगळ्यात महागडी चूक इथे झाली. मी सगळ्या बकऱ्यांना "झाकणभर" पाजत होतो. वीस किलोच्या पाठीलाही (तरुण मादीलाही) झाकणभर, पंचेचाळीस किलोच्या बकरीलाही झाकणभर. कमी डोसानं जंत मरत नाहीत. जे कणखर ते उरतात आणि पुढची पिढी त्यांची होते. तीन वर्षांत माझ्या कोठ्यातले जंत त्या औषधाला हसायला लागले.

लटकवायचा काटा असेल तर उत्तम. नसेल तर शिंप्याचा टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात मोजा. खांद्याच्या टोकापासून शेपटीजवळच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. आलेला आकडा किलो. घेर २८ आणि लांबी २६ असेल तर २८ × २८ × २६ = २०,३८४, भागिले ६६० म्हणजे साधारण ३१ किलो. पोट भरलेलं असताना मोजू नका, सकाळी मोजा. मग डॉक्टर सांगतील त्या प्रमाणात डोस काढा. मेंढीचा डोस बकरीला तसाच लावू नका. बकरीचं शरीर बरीच औषधं लवकर बाहेर टाकतं, त्यामुळे तिचं प्रमाण वेगळं असू शकतं.

दुसरी गोष्ट औषध "बदलण्याची". तालुक्याच्या एका दुकानात मला चार वर्षं वेगवेगळ्या डब्यांतून तेच औषध मिळत होतं, आणि मी समाधानी होतो की दरवेळी नवीन देतोय. डब्यावरचं मोठं नाव वाचू नका, बारीक अक्षरातलं वाचा. अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल एकाच घरातले भाऊ आहेत. आयव्हरमेक्टिन आणि डोरामेक्टिन दुसऱ्या घरातले. लेव्हामिझोल तिसऱ्या. एका घराचं चालेनासं झालं तर त्याच घरातल्या भावाकडून आशा करू नये. आणि चालतंय की नाही ते कळतं दुसऱ्या लेंडीवरून: औषध दिल्यावर दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा तपासणी. अंडी जवळपास गायब व्हायला हवीत.

औषध पाजताना घाई करू नका. बकरीचं तोंड आकाशाकडे करून ओतलं की औषध श्वासनळीत जातं. एक गाभण बकरी मी अशीच घालवली. ठसका लागला, तीन दिवसांनी न्यूमोनिया. सुई काढलेली सिरिंज घ्या, ओठाच्या कोपऱ्यातून जिभेच्या मागच्या भागावर टेका, डोकं जमिनीला समांतर ठेवा आणि गिळायला वेळ द्या. ठसका लागला तर तोंड लगेच सोडा.

गाभण बकरीचं डॉक्टरांना आधी सांगा. सुरुवातीच्या गाभणपणात अल्बेंडाझोल पोटातल्या पिल्लाला इजा करतं. दुभत्या जनावराला दिलं तर किती दिवस दूध घरात आणि डेअरीत द्यायचं नाही, ते डब्यावर लिहिलेलं असतं. तो आकडा कोठ्याच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवा.

सगळ्या कळपाला एकाच दिवशी पाजायची सवयही मी सोडली. धडधाकट, लाल पापणीच्या, लेंडी स्वच्छ असलेल्या मोठ्या बकऱ्यांना देत नाही. त्यांच्या पोटातले थोडे जंत औषध न चाखलेले राहतात आणि कणखर जंतांची गर्दी होऊ देत नाहीत. शेजारी म्हणतात पैसे वाचवतो. वाचतात, हेही खरं.

वावडिंग, पळसाच्या बिया, कडुनिंब? आपल्याकडे पळस बांधाबांधाला आहे आणि आजीच्या हातचं ते औषध मीही प्यायलोय. हलक्या वेळी द्या, माझा विरोध नाही. पण किती बियांत किती ताकद ते कोणी मोजून देत नाही, आणि जबड्याखाली पिशवी लोंबणाऱ्या बकरीला पळसपापड्यावर ठेवणं म्हणजे तिला सोडून देणं.

बाजारातून आणलेलं नवं जनावर थेट कळपात सोडू नका. दोन-तीन आठवडे वेगळं बांधा, लेंडी तपासा, डोस द्या, त्याची लेंडी वेगळी उचला. चरायला मात्र सगळ्यांनाच दव सुकल्यावर सोडा. हिमॉन्कससारख्या जंतांची पिल्लं ओल्या गवतावर चढतात, बहुतेक जमिनीपासून चार-पाच बोटांच्या आत. बकरीला तसंही मान वर करून बाभळीचा आणि सुबाभळीचा पाला खायला आवडतं. तिला खुरटं गवत ओरबाडायला आपणच लावतो.

आता घरातलं

पोराला रात्री खाज येते, तो दात खातो, झोपत नाही, आणि घरातले म्हणतात, "बकऱ्यांत लोळतो ना, म्हणून." बकऱ्या निर्दोष आहेत. कुत्रंही. खाजवायला लावणारा तो पिनवर्म फक्त माणसाचा जंत आहे. रात्री मादी बाहेर येऊन कातडीवर अंडी घालते, पोरगं खाजवतं, नखातून अंडी तोंडात, अंथरुणात, भावाच्या हातात. सकाळी आंघोळीआधी पारदर्शक चिकटपट्टी तिथे टेकवून दवाखान्यात दिली की सूक्ष्मदर्शकाखाली अंडी दिसतात. गोळी घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यायची, दोन आठवड्यांनी पुन्हा. नखं कापा, सकाळी ढुंगण धुऊन आंघोळ, चादरी आणि चड्ड्या गरम पाण्यातून काढून उन्हात. एकट्या पोराला गोळी दिली तर महिनाभरात पुन्हा तेच.

खरा सूतकृमी, स्टर्कोरॅलिस, माणसात पायातून शिरतो. धानपट्ट्यात रोवणीला दिवसभर बांधीच्या चिखलात अनवाणी असणाऱ्या बायकांना, आणि जिथे अजून गोदरीला (उघड्यावर शौचाला) जातात त्या वाटेवर चालणाऱ्यांना धोका जास्त. रोवणीत गमबूट घाला असं पत्रकात छापणं सोपं आहे. चिखलात गमबूट पायातून निघून जागेवरच राहतो, हे रोवणी केलेल्याला माहीत आहे. मग निदान गोठ्यात, अंगणात आणि शौचाला जाताना चप्पल, आणि बांधीतून बाहेर आल्याबरोबर पाय धुऊन कोरडे करणं. आपल्या बकऱ्या-वासरांची जात माणसाच्या आतड्यात घर करत नाही. कुत्र्यातल्या या जंताचे काही वाण मात्र माणसातही सापडले आहेत, म्हणून कुत्र्याची विष्ठा अंगणातून रोज उचला आणि कुत्र्याची पिल्लं घरात आणली तर ढोरांच्या डॉक्टरांना दाखवा.

हा जंत माणसात स्वतःच स्वतःला पुन्हा लावून घेतो. बाहेर न जाता पिल्लं आतड्यातून किंवा ढुंगणाजवळच्या कातडीतून परत शिरतात, आणि माणूस बरीच वर्षं, कधी दशकं तो घेऊन फिरतो. कधी पोट दुखतं, कधी पातळ होतं, कधी मांडीवर किंवा ढुंगणावर लाल रेघ उठते आणि तासाभरात काही सेंटिमीटर पुढे सरकते. रक्ताच्या रिपोर्टमध्ये इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) बऱ्याचदा वाढलेले असतात. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या जंतनाशक दिनाला अंगणवाडीत-शाळेत मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी पोरांना जरूर द्या, पण ती मुख्यतः गोल, चाबूक आणि आकडी कृमीसाठी आहे. सूतकृमीवर तिचा भरवसा नाही. तिथे डॉक्टर आयव्हरमेक्टिन देतात. जनावराच्या डब्यातलं आयव्हरमेक्टिन माणसानं घ्यायचं नाही. कोरोनाच्या काळात काहींनी ते केलं होतं, म्हणून लिहितोय.

आणि एक. गुडघेदुखीसाठी, दम्यासाठी, अंगावरच्या खाजेसाठी आपल्याकडे स्टेरॉइड सहज दिलं जातं. अंगात हा जंत दडलेला असताना स्टेरॉइड सुरू झालं तर शरीराचा लगाम सुटतो आणि पिल्लं आतड्याबाहेर, फुप्फुसात, सगळीकडे पसरतात. माणूस त्यात जातो. म्हणून आजीला किंवा बाबांना असं इंजेक्शन किंवा गोळी लिहून देत असतील तर तिथेच सांगा: आम्ही वावरात आणि बांधीत अनवाणी काम केलंय, पोट अधूनमधून बिघडतं, मांडीवर सरकती रेघ उठते, आधी जंताची तपासणी करता का?